एकशेदहा-सत्तर, एकशेदहा-सत्तर: माता व बाल संरक्षण कार्डाचं परीक्षण

उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा पालिकेच्या दवाखान्यात गरोदरपणाची नोंद केली की घडीचं एक कार्ड फुकट हातात पडतं. आरोग्य खातं आणि महिला व बालविकास खातं यांचं हे एकत्र कार्ड. २०१८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. बहुतेक घरांत त्याची ओळख दोन कामांपुरती असते: मातृवंदना योजनेचे पैसे आणि बाळाच्या लसी. त्यामुळे आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर ते कपाटात जातं आणि खासगी डॉक्टरांकडे जाताना घरीच राहतं. तिथे वेगळी फाइल असते ना!

इथे चूक होते. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणातल्या धोक्यांची चाहूल लागावी म्हणून यापेक्षा स्वस्त साधन मिळणार नाही. अडचण एकच, ते वाचावं कसं हे कार्डावर कुठे छापलेलं नाही.

तपासणीच्या पानावर भेटी उभ्या रकान्यांत आणि मोजमापं आडव्या ओळींत असतात. बहुतेक जण आजचा उभा रकाना पाहून कार्ड मिटतात. खरी गोष्ट आडव्या ओळीत असते. बीपीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा: १००/६०, ११०/७०, १२६/८२, १३६/८८. यातला एकही आकडा १४०/९० च्या पुढे गेलेला नाही, म्हणून चारही वेळा ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणी झाली असेल. पण ही ओळ सरळ चढतेय. अशा बाईला पुढच्या महिन्यापर्यंत थांबवायचं नसतं. आठवड्याच्या आत पुन्हा बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) बघायचं असतं.

आणि एक ओळ अशी असते: ११०/७०, ११०/७०, ११०/७०, ११०/७०. ही कार्डावरची सगळ्यात संशयास्पद ओळ. माणसाचं बीपी सहा महिने एका जागी बसून राहत नाही. पट्टा न बांधता आकडा भरला गेला, असाच तिचा अर्थ धरावा. कोरा रकाना यापेक्षा प्रामाणिक. कोरा रकाना निदान ‘मोजलं नाही’ एवढं तरी सांगतो. ११०/७० खोटा दिलासा देतो.

मोजलेलं बीपीसुद्धा चुकतं, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. चालत आल्या आल्या मोजलं, लघवी तुंबलेली आहे, पाठीला टेका नाही, पाय अधांतरी किंवा एकावर एक, हात खाली लोंबतोय, मोजताना गप्पा चालल्यात, या सगळ्यांत आकडा खोटा वर जातो. दंडाचा घेर ३२-३३ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर नेहमीचा पट्टा अपुरा पडतो आणि बीपी जास्त दाखवतो. मोठा पट्टा मागावा. पाच मिनिटं टेकून बसायचं, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. १४०/९० किंवा जास्त आलं तर चार तासांनी पुन्हा मोजायचं. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा, आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर सूज यांतलं काही असेल तर दुसऱ्या आकड्याचीही वाट पाहायची नाही. पायावरची सूज मात्र एकटी असेल तर तिला फार महत्त्व देऊ नये. शेवटच्या महिन्यांत ती पुष्कळ निरोगी बायकांना येते.

बीपीच्या जोडीला लघवीतल्या अल्ब्युमिनची ओळ. ही बऱ्याचदा रिकामी असते. पट्ट्या संपलेल्या असतात किंवा तपासणी अंगणवाडीत असते आणि तिथे नमुना द्यायला धड संडास नसतो. नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावी, नाहीतर अंगावरून जाणाऱ्या पाण्यामुळे खोटं ‘एक प्लस’ येतं. वीस आठवड्यांनंतर बीपी वाढलेलं आणि अल्ब्युमिनही आलेलं, ही जोडी म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. यात वारेला रक्त कमी पडतं, म्हणून आईला झटके येण्याचा धोका आणि पोटातल्या बाळाची वाढ खुंटणं हे एकाच आजाराचे दोन चेहरे.

वजनाच्या ओळीलाही हाच नियम. पहिले तीन महिने वजन फार वाढत नाही, उलट्यांमुळे एखादा किलो उतरतंही. त्यानंतर महिन्याला सुमारे दोन किलो ठीक. एका महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढ झाली तर घरात ‘बाळसं धरलं’ म्हणून कौतुक होतं, पण त्या वजनात पाणी साठलेलं असू शकतं. बीपी, शुगर आणि जुळं, तिन्ही शंका फेडून घ्याव्यात. वजनकाटा दर वेळी तोच असेल तरच ही ओळ खरी.

पोटाच्या उंचीचा रकाना कार्डावर सर्वात दुर्लक्षित आहे, आणि सर्वात दुःखद म्हणजे त्याला लागतं काय, तर शिंप्याची टेप. चोवीस आठवड्यांनंतर गर्भाशयाची सेंटिमीटरमधली उंची साधारण आठवड्यांइतकी असते. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. ३२ आठवड्यांना २८ सेंटिमीटर भरली तर बाळ वाढत नाही, बाळाभोवतीचं पाणी कमी आहे किंवा तारीख चुकली आहे; डॉप्लरसह (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी हवी. हा रकाना कोरा राहतो, कारण तपासणीच्या दिवशी अंगणवाडीच्या एका खोलीत तीस माणसं असतात, पडदा नसतो, आणि बाईला झोपवून पोट तपासायला जागा नसते. सिस्टरांना दोष देण्याआधी ग्रामपंचायतीने एक पडदा आणि एक बाकडं द्यावं.

हे सगळे आकडे उभे असतात ते एका तारखेवर, शेवटच्या पाळीच्या. नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख. पण तारीख सणावरून सांगितली जाते: पोळ्यानंतर चार दिवसांनी, घटस्थापनेच्या आधी. सणाची तारीख पंचांगात बघून लिहावी, अंदाजाने ठोकू नये. पाळी अनियमित असेल किंवा अंगावर पाजत असतानाच दिवस राहिले असतील, तर चौदा आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी हाच भरवशाचा आधार. आणि एक फार होणारी चूक: आठव्या महिन्यातली सोनोग्राफी नवी तारीख देते, घरचे तीच धरून बसतात. त्या महिन्यात बाळं आपापल्या चालीने वाढत असतात. लहान बाळाला सोनोग्राफी कमी आठवड्यांचं समजते. पहिल्या सोनोग्राफीची तारीख बदलायची नाही. नाहीतर वाढ खुंटलेल्या बाळाला ‘अजून वेळ आहे’ म्हणून पोटातच ठेवलं जातं.

आता रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असणं हा नियम झालाय, अपवाद नव्हे. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर उपकेंद्राचं काम तिथे संपतं, शेवटच्या तिमाहीत तर भरतीच लागते. बाळंतपणात ज्या रक्तस्रावातून एक बाई दोन दिवसांत उठून बसते, त्याच रक्तस्रावात हिमोग्लोबिन ६ असलेली बाई दगावू शकते. बाळही कमी वजनाचं किंवा दिवसाआधी होण्याची शक्यता वाढते.

पहिले तीन महिने नुसती फॉलिक अॅसिडची गोळी. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी असेल तर रोज दोन. कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण लोहाबरोबर कधीच नाही. दोन तासांचं अंतर हवं. कार्डावर ‘१८० दिल्या’ असं लिहिलेलं असतं. दिल्या आणि गिळल्या यांत फरक आहे. गोळी चहाबरोबर घेतली, कॅल्शियमसोबत एकाच घोटात संपवली, शी काळी झाली म्हणून घाबरून सोडली, मळमळ झाली म्हणून डब्यात टाकली, या चार कारणांतलं एक बहुधा सापडतं. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत घेतली तर मळमळ कमी जाणवते. नीट घेतली तर महिन्यात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम चढतं. नीट घेऊनही ओळ जागची हलत नसेल तर गोळ्या दुप्पट करत बसू नये, कारण शोधावं. नंदुरबार, धुळे, पालघर, मेळघाट, गडचिरोली आणि एकूणच विदर्भात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का हे पाहावं. एकदा जंताची गोळीही दुसऱ्या तिमाहीत पोटात गेलेली असावी.

हिमोग्लोबिन मोजण्यातली गफलतही सांगून टाकू. बोट दाबदाबून थेंब काढला की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा उतरतो. पहिला थेंब पुसून दुसरा, आपोआप आलेला घ्यायचा. रंग जुळवून पाहायच्या जुन्या नळीत आणि यंत्रात एक-दीड ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून ओळीत अचानक उडी दिसली तर आधी विचारावं, मोजलं कशाने?

शुगरच्या बाबतीत हे कार्ड कच्चं आहे. लघवीतल्या शुगरची ओळ छापलीय, पण गरोदरपणात मूत्रपिंडातून साखर तशीही झिरपते. तिथे ‘नील’ असणं म्हणजे मधुमेह नाही असं नव्हे. खरी चाचणी ७५ ग्रॅम ग्लुकोजची. उपाशी असो वा नसो, सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा, अशी दोनदा करायची असते. पहिली नॉर्मल आली की दुसरी गळते, आणि वारेचे हार्मोन साखर चढवतात ते नेमके त्याच काळात. निदान झालं तर दोन आठवडे आहार सांभाळून बघायचा. तरी जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या वर राहिली तर औषध. न कळलेल्या शुगरचं बाळ मोठं होतं, खांदे अडकतात, आणि जन्मल्यावर काही तासांत त्याची स्वतःची शुगर कोसळते. तीन-साडेतीन किलोंच्या गुटगुटीत बाळाला असा धोका असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, नवऱ्याचा गटही लिहा. नवरा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन २८ आठवड्यांना आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला तरी ते लागतं. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही. सगळा भोग पुढच्या बाळाच्या वाट्याला येतो, म्हणूनच विसरलं जातं.

कार्डावर चिकटवलेल्या टिकल्यांबद्दल. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत डॉक्टर कार्डावर रंगीत स्टिकर लावतात: हिरवा म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे अतिजोखमीची माता, निळा गरोदरपणातल्या बीपीसाठी, पिवळा मधुमेह-थायरॉइडसारख्या सोबतच्या आजारांसाठी. कल्पना उत्तम. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात कार्ड पुढे केलं की अक्षर न वाचताही कळावं. पण लाल रंग कशासाठी हे लिहायची पद्धत नाही, आणि तिथेच सगळं अडतं. मागचं सीझर, फार कमी उंची, जुळं, हिमोग्लोबिन ६.५, चौघींनाही तोच लाल. स्टिकरशेजारी पेनाने कारण आणि बाळंतपण कुठे करायचं ते लिहून घ्यावं. मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया, जुनं बीपी किंवा जुना मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत कमी मात्रेच्या अॅस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारावं. ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर कामाची. हिरवा स्टिकर सहाव्या महिन्यातला असेल तर त्यावर नवव्या महिन्यात विसंबू नये.

कार्डाची खरी परीक्षा डोहाळजेवणानंतर होते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. बीपी चढायचे, शुगर दिसायची, बाळ खुंटायचे दिवस नेमके हेच. माहेरच्या उपकेंद्रात नवं कार्ड निघतं, कारण जुनं सासरी राहिलं. आता दोन कार्डांवर दोन अर्ध्या ओळी; चढती ओळ कुणालाच दिसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दिवाळीच्या सुमाराला गाव सुटतं ते उन्हाळ्यात परत येतं, कारखान्याच्या तळावरची सिस्टर आधीचा एकही आकडा न पाहता तपासते. उपाय साधा आहे. निघण्याआधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो दोन फोनमध्ये, आणि आरसीएच नोंदणी क्रमांक (माता-बालकाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) पाठ नसेल तर कुठेतरी लिहून. नवीन ठिकाणी ‘नवं कार्ड द्या’ म्हणू नये, ‘यावरच पुढे लिहा’ म्हणावं.

जन्माच्या पानावर वजन असतं, पण किती आठवड्यांचं बाळ हे पुष्कळदा लिहिलेलं नसतं. ही चूक महागात पडते. दोन किलोंची दोन बाळं सारखी नसतात. ३४ आठवड्यांच्या बाळाला दूध ओढणं-गिळणं-श्वास यांचा मेळ नुकता जमायला लागलेला असतो. ते दमतं, थंड पडतं, श्वास विसरतं. ३८ आठवड्यांचं दोन किलोंचं बाळ चटकन ओढतं, डोळे टक्क उघडे असतात, पण अंगात साठा नसल्याने शुगर उतरते, म्हणून दर दोन तासांनी पाजणं चुकवायचं नाही. दोघांनाही आईच्या उघड्या छातीवर, टोपी-मोजे घालून ठेवणं हेच पहिलं औषध. आठवडे लिहून घ्या. जन्मतःच बीसीजी, पोलिओ, २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बी आणि के-जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, या चार खुणा घरी निघण्याआधी तपासाव्यात. दिवसाआधी बाळंतपण होणार असं दिसलं, ३४ आठवड्यांच्या आत, तर आईला डेक्सामेथासोनची (बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून द्यायची) इंजेक्शनं मिळाली का तेही.

नंतर आशाताईंच्या घरभेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या पद्धतीचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण त्या कामाचा जीव मोजण्यात होता. काखेत थर्मामीटर, ३६.५ सेल्सिअसच्या खाली म्हणजे बाळ थंड. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं, कारण नवजात बाळ थांबून थांबून श्वास घेतं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, तरी तितकेच असतील तर दवाखाना. छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, बाळ लुळं पडणं, झटके, बेंबीत पू, पहिल्या दिवसातली कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे होणं, यांत थांबायचं नाही. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरते या समजुतीत दोन दिवस जातात आणि बाळ थंड पडतं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणं चालतं. चौदाव्या दिवशीच्या भेटीत ते जन्माच्या वजनावर परत आलेलं हवं.

या भेटींत आईचं बीपी मात्र हमखास सुटतं. बाळंतपणानंतर ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वांत चढतं, म्हणजे रुग्णालयातून घरी आल्यावर. झटके तेव्हाही येतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचा रकाना भरून घ्यावा.

मागच्या पानांवरचा वाढीचा तक्ता, मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा, हा कार्डाचा सर्वांत देखणा भाग, आणि तिथेही ओळच वाचायची. हिरव्या पट्ट्यात राहूनही सलग दोन महिने आडवी गेलेली रेघ जास्त चिंतेची. खालच्या पट्ट्यातून वर चढणारी कमी. दिवसाआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते जितके आठवडे आधी आलं तितके वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. ३४ आठवड्यांचं बाळ तीन महिन्यांचं झालं की ठिपका दीड महिन्यावर द्यायचा. कार्डावर हे दिसेल असं सांगितलेलं नाही, आणि धडधाकट बाळ ‘कुपोषित’ ठरून आई वरचं दूध सुरू करते.

कागद बरा आहे, शाई पाण्याने फुटते. प्लास्टिकच्या खोळीत ठेवा. हरवलं तर घाबरू नका. नोंदीची दुसरी पट्टी उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत असते. आरसीएच क्रमांक सांगून नवीन कार्ड घ्या आणि जुन्या नोंदी त्यावर उतरवून घ्या, कोऱ्या रकान्यांसकट.